अडीच सेंटीमीटर

दूधवाल्याचं पोर आखडलं, ही बातमी सुताराला कळली तेव्हा तो खिडकीच्या चौकटीवर रंधा मारत होता. बातमी आणली त्याच्या सुनेनं. ती दवाखान्याच्या खोलीतून परतली होती. कडेवर तेवीस महिन्यांची लेक गुंडी, हातात तिचं कार्ड, आणि हसावं की घाबरावं हे चेहऱ्याचं अजून ठरायचं होतं.

"आखडलं म्हणजे?" सुतारानं रंधा थांबवला.

"म्हणजे उंची कमी भरली, मामंजी. मागच्या महिन्यात साडेब्याऐंशी होता, आज ऐंशीच. सिस्टरनी तीनदा मोजलं. त्याची आई रडायलाच लागली."

"पोर आहे की भिजवलेलं कापड? लाकूड आखडतं. ओलं कापून उन्हात टाकलं की आखडतं. पोर कसं आखडेल?"

"मला काय विचारता? सिस्टरना विचारा."

एवढं म्हणून सून घरात गेली; पण हा प्रश्न सुताराच्या डोक्यात घुसला तो घुसलाच. हा माणूस जात्याच चौकस. गावातल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सारखा का घसरतो ते बघायला एकदा गेला, आणि स्वतःच्या गिऱ्हाइकाचं दार तसंच टाकून दोन दिवस गिरणीत बसून राहिला. पट्टा का घसरतो ते त्यानं शोधलं, दार मात्र उशिरा गेलं आणि बोलणी खाल्ली ती वेगळीच. अंगानं बुटका, इतका की चौकटीची वरची पट्टी ठोकायला स्टुलावर चढावं लागे. पण हात बसलेला आणि नजर पक्की. जुन्या हत्यारांवर त्याचा फार जीव. त्याच्या लोखंडी टेपची आकडी कधीच तुटली होती आणि तिच्याबरोबर पहिला इंचही गेला होता. तो टेप एकाच्या खुणेपासून धरायचा आणि आलेल्या मापातून मनात एक वजा करायचा. असं बरेच सुतार करतात. मुलगा ट्रकवर होता, महिन्यातून दोनदा घरी यायचा, आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "बाबा, नवा टेप आणू का?" सुतार म्हणायचा, "याला काय धाड भरलीय?"

दवाखाना म्हणजे एकच खोली होती. त्यात सिस्टर बसत. महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी गावातली सगळी लहान मुलं तिथं यायची. आधी वजन व्हायचं, मग उंची. दोन वर्षांच्या आतली मुलं फळीवर आडवी झोपवून मोजायची, कारण ती सरळ उभी राहत नाहीत. दोन पूर्ण झाली की भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर स्क्रूनं बसवलेल्या पट्टीला पाठ टेकवून उभं करायचं. पट्टी शहरातून आलेली होती. फळीसुद्धा आली होती, पण ती दीड वर्षामागं मधोमध तडकली. नवी मागवली तर कागदच फिरत राहिले. शेवटी सिस्टर सुताराकडे आल्या. त्यानं एक पैसा न घेता फळी करून दिली. डोक्याकडे उभी पाटी, पायाकडे सरकती पाटी, कडा घासून गोल केलेल्या, वर पॉलिश. पोरांना टोचू नये म्हणून एकही खिळा वर दिसत नव्हता. गावात कुणी पाहुणा आला आणि बोलणं दवाखान्यावर गेलं की सुतार त्या फळीचा विषय काढल्याशिवाय राहत नसे.

आणि त्या फळीवर गावानं नावही काढलं होतं. सिस्टरच एकदा म्हणाल्या होत्या, "आजूबाजूच्या गावांपेक्षा तुमच्याकडची तान्ही मुलं लांब भरतात बरं का. जरा बारीक आहेत, पण लांब." तेव्हापासून चहाच्या टपरीवर हा विषय पुरून उरला होता. कुणी विहिरीच्या पाण्याला श्रेय द्यायचं, कुणी स्वतःच्या आजोबांना.

पण आता दूधवाल्याच्या मुलामुळे वेगळीच पंचाईत झाली होती. सिस्टरच्या कार्डावर वयाप्रमाणे चढत जाणारी एक लाल रेघ छापलेली होती. ज्या मुलाची उंची त्या रेघेच्या खाली, त्याचं नाव यादीत. यादी सहा महिन्यांतून एकदा मोठ्या दवाखान्यात जायची, आणि यादीतल्या मुलांना पुढचे सहा महिने रोज अंडं, खास पौष्टिक पाकिटं, रक्ताची आणि पोटाची तपासणी, डॉक्टरांची भेट, सगळं मिळायचं. या वेळची यादी शुक्रवारी जाणार होती. दूधवाल्याच्या मुलाचं नाव तिच्यात पेन्सिलीनं लिहिलं गेलं होतं, आणि घरी दूधदुभतं असून पोर यादीत गेलं म्हणून त्याच्या आईला सासूनं नाही नाही ते ऐकवलं होतं.

"आणि आपली गुंडी?" संध्याकाळी सुतारानं विचारलं.

"ऐंशी. तिच्या वयाची रेघ एकोणऐंशीच्या जरा वर आहे. सिस्टर म्हणाल्या, काठावर आहे, पण ठीक आहे."

'ठीक आहे' हे शब्द तिनं अशा आवाजात म्हटले, की जणू दुसऱ्याचं सामान होतं आणि ती ते फक्त पोचवत होती.

सुताराला त्याचं कारण माहीत होतं. सून घरी शिवणकाम करायची. गुंडीच्या पहिल्या वाढदिवसाला तिनं एक पिवळा फ्रॉक शिवला होता आणि खालची घडी चांगली दोन बोटं आत घातली होती. पोर वाढलं की उसवायची. ती घडी अजून आतच होती. गुंडी चौदा महिन्यांची असताना तिला पंधरा दिवस जुलाब झाले, त्यानंतर एकदा सून त्याच्या कामाच्या शेडमध्ये येऊन म्हणाली होती, "मामंजी, मला वाटतं ही वाढत नाहीये." शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं बसली होती. सुतारानं लगेच उत्तर दिलं, "आपल्या घरात आजवर कुणाचं डोकं चौकटीला लागलंय? माझी नात आहे ती, विजेचा खांब नाही." गिऱ्हाइकं हसली, सुतारही हसला. सून हसली नाही. त्यानंतर तिनं आणखी दोनदा विषय काढला, आणि दोन्ही वेळा त्यानं कार्डाकडे बोट दाखवलं. कार्डावर सगळं रेघेच्या वर होतं.

बुधवारी सकाळी सुतार कानावर पेन्सिल, खिशात टेप आणि खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन दवाखान्यात हजर झाला. सिस्टर एकट्याच होत्या आणि त्यांनाही कोडं सुटत नव्हतं, त्यामुळे त्याला पाहून त्यांना बरंच वाटलं.

"सुतारकाका, हे पहिलं मूल नाही," त्यांनी रजिस्टर उघडलं. "दीड वर्षात चार मुलं अशी झाली. दोन वर्षांची होतात, फळीवरून उठून पट्टीला उभी राहतात, आणि कमी भरतात. झोपून मोजलं की माणूस थोडा लांब भरतो, ते आम्हाला शिकवलेलं आहे. उभं राहिलं की पाठीचा कणा दबतो. पण तो फरक सात मिलिमीटर, म्हणजे अर्धं बोट. इथं अडीच-तीन सेंटीमीटर जातात."

"मग तुम्ही काय केलंत?"

सिस्टर जरा ओशाळल्या. रजिस्टरात चारही नावांपुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: मूल हललं.

"आणि खरंच हलतात हो. एक पाय धरावा तर दुसरा तोंडावर येतो. मला वाटायचं माझाच हात चुकतो."

सुतार खोलीभर फिरला. फळी पाहिली, पट्टी पाहिली, मग कोपऱ्यातला झाडू पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. झाडूचा दांडा काढून त्यानं फळीवर आडवा ठेवला. एक टोक डोक्याच्या पाटीला, सरकती पाटी दुसऱ्या टोकाला. दांडा लांब होता, म्हणून करवतीनं कापून बरोबर ऐंशीचा केला. मग तोच दांडा भिंतीच्या पट्टीला उभा धरला.

साडेसत्त्याहत्तर.

"दांड्याला कणा नसतो, सिस्टर," सुतार म्हणाला, "आणि तो हलतही नाही. पोरं निर्दोष आहेत. या दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय."

"कोण?"

"ते आत्ता सांगतो."

गिरणीच्या पट्ट्यानंतर एवढा आनंद त्याला झाला नव्हता. त्यानं टेप काढला. सिस्टरना सेंटीमीटर हवे होते म्हणून सेंटीमीटरची कड वर केली, नेहमीच्या सवयीनं एक इंचाची खूण डोक्याच्या पाटीला टेकवली आणि टेप फळीवर ताणला. फळीवरची प्रत्येक रेघ टेपवरच्या रेघेला जाऊन मिळत होती. चाळीसला चाळीस, साठला साठ, ऐंशीला ऐंशी, केसाचाही फरक नाही. सिस्टरनी वाकून बघितलं आणि मान डोलावली. मग त्यानं तसाच टेप जमिनीला टेकवून भिंतीच्या पट्टीला लावला. पट्टीवर साडेसत्त्याहत्तर होते तिथं टेपवर ऐंशी होते.

"घ्या. सापडला चोर."

"अहो, पण ती शहरातून आलेली आहे. शिक्का आहे तिच्यावर."

"शिक्का पट्टीवर आहे, जमिनीवर नाही ना? जमीन खचलीय तुमची." त्यानं पाणसळ आणून फरशीवर ठेवली. बुडबुडा अगदी थोडा एका बाजूला गेला. कुठल्याही जुन्या फरशीवर तो तेवढा जातोच, पण ज्याला पुरावा हवा असतो त्याला तेवढा पुरतो. "जमीन खाली गेली, पट्टी भिंतीला तशीच राहिली. पोर खाली उभं राहतं, म्हणून कमी भरतं. सरळ हिशोब आहे."

सिस्टरजवळ दुसरं माप नव्हतं, आणि समोरच्या माणसानं तीस वर्षं मापातच काढली होती. शिवाय त्याचं म्हणणं खरं असेल तर गावातली सगळी मुलं ठीक होती, आणि असं म्हणणं खोटं ठरवायची कुणाला हौस असते? त्या म्हणाल्या, "मग खाली घ्या."

सुतारानं पेचकस काढला, पट्टीचे स्क्रू उलगडले आणि पट्टी अडीच सेंटीमीटर खाली बसवली. दांडा लावून पाहिला. ऐंशी. लगोलग दूधवाल्याच्या बायकोला बोलावणं गेलं. पोर पट्टीला उभं राहिलं, एक बोट तोंडात, एक नाकात. साडेब्याऐंशी. त्याच्या वयाची रेघ त्याच्या खाली राहिली. सिस्टरनी खोडरबर घेऊन यादीतलं त्याचं नाव पुसलं, आणि त्याची आई पुन्हा रडली, पण या वेळी हसत. तासाभरानं सुताराच्या घरी दुधाची भरलेली किटली आली. संध्याकाळपर्यंत टपरीवर दोन चहा फुकट मिळाले.

गुरुवारी दुपारी तो जेवायला घरात आला तेव्हाही तीच कहाणी चालू होती. सून मशीनवर बसली होती. गुंडी भिंतीलगतच्या खाटेवर गाढ झोपली होती, अंगात तोच पिवळा फ्रॉक.

"चार पोरं आखडली म्हणे. आखडली कसली? जमीन खचली. पण कुणाच्या डोक्यात आलं का? नाही. डोळे सगळ्यांनाच असतात, सूनबाई, बघतं कोण?"

"मामंजी," सुनेनं मशीन थांबवलं, "जमीन खचली म्हणून उभी मुलं कमी भरली. गुंडी तर आडवी मोजतात."

"म्हणून तर तिचं माप बरोबर आहे. ऐंशी."

"मग फ्रॉकचं काय?"

"फ्रॉकचं काय?"

ती उठली. गुंडीला अलगद वर सरकवून तिचं डोकं खाटेच्या उभ्या फळीला टेकवलं, गुडघे हलक्या हातानं सरळ केले, टाचेला जाड वही उभी लावली आणि वहीच्या कडेनं चादरीवर खडूची रेघ ओढली. गुंडी झोपेत कुरकुरली आणि कुशीवर वळली. सुनेनं गळ्यातला कापडी टेप काढून खाटेच्या फळीपासून रेघेपर्यंत धरला.

"साडेतीस."

"साडेतीस काय?"

"इंच. मी इंचातच मोजते."

सुतार हसला. "ऐंशी म्हणजे साडेएकतीस इंच. नीट धर."

तिनं पुन्हा धरला. साडेतीस. मग त्यानं स्वतः तिचा टेप घेऊन मोजलं. साडेतीसच. तरी तो हटला नाही. "तुझा टेप ताणलाय. कापडी टेप वापरून वापरून लांबतात, मग माप कमी दाखवतात. थांब, दाखवतो."

त्यानं खिशातला लोखंडी टेप काढला आणि मशीनच्या टेबलावर दोन्ही टेप शेजारी शेजारी पसरले. कापडी टेपच्या सुरुवातीला आपल्या टेपची एकची खूण लावली. तिचे दहा तिथं त्याचे अकरा. तिचे वीस तिथं त्याचे एकवीस. तिचे तीस तिथं त्याचे एकतीस. टेप ताणलेला असता तर फरक वाढत गेला असता. तो वाढत नव्हता. सगळीकडे सारखा एक.

"वजा एक," तो सवयीनं पुटपुटला. "म्हणजे तीसला तीस. तुझा टेप बरोबर आहे."

आणि तो तिथंच थांबला.

वजा एक. गेली कित्येक वर्षं दिवसातून शंभरदा तो हे मनात म्हणत आला होता. इंच म्हटला की त्याच्या डोक्यात ते आपोआप व्हायचं. पण फळी केली त्या दिवशी सिस्टरना सेंटीमीटर हवे होते. सेंटीमीटरशी त्याची कधी गट्टी जमली नव्हती. त्यानं टेपची दुसरी कड वर केली होती, एकची खूण डोक्याच्या पाटीला लावली होती आणि टेपवरच्या रेघा एकेक करून फळीवर उतरवून घेतल्या होत्या. नुसत्या रेघा आणि आकडे. मोजलं काहीच नव्हतं, त्यामुळे वजा करायला काही हातातच नव्हतं. आणि काल तपासायला गेला तो हाच टेप घेऊन, तिथंच धरून. फळी जुळणार नाही तर काय होईल? पट्टी एकटी खरं बोलत होती, आणि तिलाच त्यानं खाली उतरवलं होतं. अडीच सेंटीमीटर, अडीच सेंटीमीटर, असं काल दिवसभर तो सगळ्यांना सांगत सुटला होता. इंचात विचार केला असता तर त्या क्षणी कळलं असतं. तो तर त्याच्याच टेपचा तुटलेला पहिला इंच होता.

सुतार मशीनशेजारच्या स्टुलावर बसला.

"मामंजी, काय झालं?"

"फळी चुकलीय," तो म्हणाला. "माझ्या हातून. दीड वर्ष सगळी पोरं एक इंच लांब भरतायत."

सुनेनं हिशोब करायला वेळ लावला नाही. तो तिचा कधीचाच झालेला होता. ती खाटेकडे वळली आणि झोपलेल्या गुंडीकडे बघत म्हणाली, "म्हणजे मला भास होत नव्हता."

या एका वाक्यानं सुतार जितका शरमला तितका तो उभ्या आयुष्यात शरमला नव्हता. क्षणभर त्याच्या मनात आलं, की रात्रीत नवी फळी करावी, गुपचूप बदलावी, कुणाला कळणारही नाही. किटली स्वयंपाकघरात अजून अर्धी भरलेली होती, ती त्याला बसल्या जागेवरून दिसत होती. पण यादी उद्या जाणार होती, आणि फळी गुपचूप बदलली तरी यादी गुपचूप बदलत नाही.

"चल," तो उठला. "तिला उचल. तुझा टेप घे. माझा फक्त दाखवायला."

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही टेप शेजारी ठेवून स्वतः पाहिले. त्या रागावल्या होत्या हे स्पष्ट दिसत होतं. सुतारावर किती आणि 'मूल हललं' लिहिणाऱ्या स्वतःवर किती, हे त्यांचं त्यांना ठाऊक. त्या म्हणाल्या, "तेवीस मुलं आहेत. पाच वाजेपर्यंत सगळी मोजून झाली पाहिजेत. तुम्ही पट्टी जागेवर बसवा."

त्यानं पट्टी पुन्हा वर घेतली. कालची रिकामी भोकं शेजारी तशीच राहिली. फळीवरचे आकडे त्यानं पटाशीनं तासून काढले, सुनेच्या टेपच्या सेंटीमीटरच्या बाजूनं पहिल्यापासून नव्या रेघा मारल्या आणि झाडूचा दांडा दोन्हींवर लावून पाहिला. साडेसत्त्याहत्तर, साडेसत्त्याहत्तर.

तोवर दारात बायका जमल्या होत्या. त्यात दूधवाल्याची बायको पुढेच होती. सुतार हातातली पटाशी खाली ठेवून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "वहिनी, काल मी चुकीचं सांगितलं. फळी माझी खोटी होती, पट्टी खरी होती. तुमचा मुलगा रेघेच्या खालीच आहे. त्याचं नाव मी पुसायला लावलं."

मागच्या बायकांत कुजबुज झाली. मग तिनं विचारलं, "म्हणजे तो आखडला नव्हता?"

"नाही. होता तेवढाच होता."

"आणि सासूबाई म्हणतात तसं, माझ्या हातचं त्याला लागत नाही, असं काही?"

उत्तर सिस्टरनी दिलं. "हात कुणाचा आहे याचा संबंध नाही. पोटात जंत असतील, पाणी खराब असेल, सारखे जुलाब होत असतील, तर दूध पाजूनही अंगी लागत नाही. तेच तर तपासायचंय."

"मग लिहा नाव," ती म्हणाली. "शाईनं लिहा. आणि काका, किटली परत पाठवा, उरलेलं दूध तेवढं सांडू नका."

कुणीतरी हसलं आणि खोलीतला ताण जरा सैल झाला. गावातली पोरं सर्वांत लांब आहेत, हा टपरीवरचा अभिमान त्या दुपारी तेवीस मुलांच्या रडारडीत संपला. एकेक मूल फळीवर आडवं होत होतं, एक बाई डोकं धरत होती, एक गुडघे, सिस्टर आकडा वाचत होत्या. पाच वाजता यादीत नऊ नावं होती. मंगळवारी एकच होतं, आणि बुधवारी एकही नव्हतं.

गुंडीची पाळी आली तेव्हा सुनेनं डोकं धरलं आणि सुतारानं गुडघे. सिस्टरनी सरकती पाटी तिच्या तळव्यांना लावली.

"साडेसत्त्याहत्तर."

रेघेच्या दीड सेंटीमीटरहून जास्त खाली. सिस्टरनी यादीत नाव लिहिलं. सुतार म्हणाला, "सिस्टर, एक विचारू? आम्ही सगळेच बुटके. मी हा असा. तिचा बाप माझ्याहून चार बोटं उंच, बस. मग हिचं तसंच नाही का?"

"मोठेपणी असेल तसं," सिस्टर म्हणाल्या. "पण पाचेक वर्षांपर्यंत पोटभर मिळालं आणि पोट ठीक राहिलं, तर कुठलीही पोरं जवळजवळ सारखीच वाढतात. बुटक्याची काय आणि उंचाची काय. म्हणून तर रेघ सगळ्यांना एकच छापलीय."

"आणि आता? भरून निघेल?"

"दोनेक वर्षांच्या आत धरलं तर बरंचसं निघतं. पुढं अवघड होतं. ही अजून दोनची व्हायचीय." त्यांनी गुंडीचं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. "हे मागचे आकडे सगळे चुकीचे आहेत. तुमच्या हातानं दुरुस्त करा. डॉक्टर बघतील ते."

मग सुतारानं कानावरची पेन्सिल काढली आणि जे दीड वर्षापूर्वी करायचं राहिलं होतं ते करायला बसला. प्रत्येक महिन्याच्या आकड्यातून अडीच वजा करायचे आणि नवा ठिपका द्यायचा. सहाव्या महिन्यात ठिपका रेघेच्या चांगला वर आला. नवव्यात वर. बाराव्यात थोडा वर. तेराव्यात रेघेला टेकला. चौदाव्या महिन्यात पहिल्यांदा खाली गेला, आणि नंतर एकदाही वर आला नाही.

पेन्सिल तिथंच थांबली. चौदावा महिना. शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं बसली होती, आणि ती दारात उभी राहून म्हणाली होती, मामंजी, मला वाटतं ही वाढत नाहीये. फळी नव्हती, टेप नव्हता, तरी तिनं महिना बरोबर ओळखला होता. आणि आपण काय म्हणालो होतो, ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. विजेच्या खांबापर्यंत.

त्यानं वर पाहिलं. सून समोरच उभी होती आणि कार्डाकडेच बघत होती. तिला वाचता येत होतं; सांगायची गरज नव्हती.

"नऊ महिने," तो म्हणाला. "पोरी, तू नऊ महिने आधी सांगितलं होतंस."

ती 'असू दे' म्हणाली नाही, आणि सुताराला वाटलं, नाही म्हणाली तेच बरं झालं. तिनं गुंडीला उचलून त्याच्या मांडीवर दिलं आणि सिस्टरनी आज आगाऊ दिलेलं उकडलेलं अंडं त्याच्या हातात ठेवलं.

"सोलून भरवा तिला," ती म्हणाली. "सगळं. बोलत बसू नका."

सुतारानं अंडं सोललं. गुंडीनं पहिला घास थुंकला, दुसरा चाखला, तिसऱ्याला आपणच तोंड उघडलं.